पुण्यात आजार पत्ता बघून येतो का?

कासेवाडीकर

माझं लहानपण भवानी पेठेतल्या कासेवाडीत गेलं. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, पोटमाळ्यावर आम्ही तिघं भावंडं. आता मी वारज्याला फ्लॅटमध्ये राहतो. आई मात्र अजून तिथेच आहे, तिला तिची माणसं सोडवत नाहीत.

गेल्या वर्षभरात आईला तीनदा लघवीचा संसर्ग झाला. तिसऱ्या वेळी ताप इतका चढला की अ‍ॅडमिट करावं लागलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी समजावून सांगितलं, "आजी, पाणी कमी पिताय तुम्ही. दिवसाला अडीच लिटर तरी पोटात गेलंच पाहिजे." आईने मान डोलावली. घरी आल्यावर मी तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवला, तर म्हणाली, "पाणी पिऊ रे, पण रात्री जायचं कुठं?"

एवढी वर्षं तिथे राहून हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सार्वजनिक संडास आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. रात्री तिथला दिवा कधी असतो, कधी नसतो. बाहेर पोरं बसलेली असतात. म्हणून आई संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही. आजूबाजूच्या बायकाही पीत नाहीत. कोणी कोणाला सांगितलेलं नाही, सगळ्यांना आपसूक कळलेलं आहे. माझ्या बहिणीही असंच करायच्या, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं, याची मला फार लाज वाटली.

तेव्हापासून २०२० सालचं एक सर्वेक्षण सारखं आठवतंय. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत लोकांचं रक्त तपासून कोरोनाच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा, अंदाज घेतला होता. आयसर ही विज्ञानसंस्था आणि पुणे विद्यापीठ यांची मंडळी त्यात होती. एकूण ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. सर्वांत जास्त प्रमाण कुठे होतं? लोहियानगर-कासेवाडीत, जवळजवळ ६५ टक्के. ज्यांच्या घरात स्वतःचा संडास होता त्यांच्यात सुमारे ४५ टक्के आणि सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२ टक्के. 'सुरक्षित अंतर ठेवा' हे रिक्षावरच्या भोंग्यावरून आमच्या गल्लीतही ओरडून सांगत होते. सकाळी सहाला डबा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाने अंतर ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मला इथल्या मंडळींकडून ऐकायचं आहे. तुमच्या भागात, तुमच्या घरात, तुमच्या नोकरीत हे कसं दिसलं? जुनं माहीत असेल तर तेही लिहा.

मुठाकाठ

दादा, आईंना आता बरं आहे ना?

जुनं विचारलंत म्हणून लिहितो. १८९७च्या प्लेगबद्दल आपल्याला शाळेत रँड आणि चापेकर बंधू एवढंच शिकवतात. २२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता. त्याआधीच्या चार महिन्यांत शहरात काय चाललं होतं, ते कमी लोकांना माहीत असतं. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला आणि साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर रँड यांना पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष नेमलं. गोरे सैनिक घरात शिरायचे, देवघर, माजघर, न्हाणीघर काही सोडायचे नाहीत. रोग्याला रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेऊन टाकायचे.

पण तिथेही सगळ्यांचे हाल सारखे नव्हते. ज्यांची ऐपत होती ते आधीच शेतावर, बाहेरगावी निघून गेले. टिळकांनी हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभं केलं. ज्यांच्यामागे कोणी नव्हतं, त्यांच्या वाट्याला सरकारी छावणी. तिथे स्त्रियांची काय दशा होत होती, ते पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी जाहीर पत्रातून लिहिलं.

आणि मुंढव्याचा महारवाडा? तिथे कोण जाणार होतं? तिथे सावित्रीबाई गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या गायकवाडांच्या पोराला प्लेग झाल्याचं कळल्यावर त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. पोरगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ते योग्यच आहे. पण शहरातल्या आरोग्यसेवेचा इतिहास लिहायचा झाला तर पहिलं पान त्या पाठीवरच्या पोराचं असावं, असं मला फार वाटतं.

पाण्याचंही तेच. कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पेठांतल्या हौदांत सोडलं ते पेशवाईत, अठराव्या शतकात. त्या काळी ते काम मोठंच होतं. पण हौदावर कोणी यायचं आणि कोणी नाही, ते जात ठरवायची. १८६८मध्ये जोतीरावांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपण ही समाजसुधारणेची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती आरोग्याचीही वाटते. स्वच्छ पाणी हेच त्या काळचं सर्वांत मोठं औषध होतं.

एक राहिलंच. १८९७चा तोच साथरोग कायदा मार्च २०२०मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला.

जुना_पेठकर

धागा चांगला आहे, पण काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

एक म्हणजे, रक्तात प्रतिपिंडं सापडली याचा अर्थ माणूस गंभीर आजारी पडला असा होत नाही. वस्तीतल्या कित्येकांना कळलंही नसेल. दुसरं, त्याच सर्वेक्षणात बंगल्यांमध्ये राहणाऱ्यांचं प्रमाण फ्लॅटवाल्यांपेक्षा जास्त होतं. म्हणजे सरळ गरीब-श्रीमंत अशी रेघ ओढता येत नाही. आणि प्लेगात वाडेच्या वाडे ओस पडले होते. माझ्या पणजोबांचे दोन भाऊ सदाशिव पेठेतच गेले. आजार कोणालाच सोडत नाही.

शिवाय महापालिकेने वस्त्यांमध्ये संडास बांधून दिले, ते कोणी ठेवलं का नीट? थोडी जबाबदारी राहणाऱ्यांचीही असते.

कासेवाडीकर

काका, प्रतिपिंडांचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. मी मृत्यूंबद्दल बोलत नव्हतो. ज्याला घरात थांबणं शक्य होतं तो थांबला, ज्याला नव्हतं त्याच्या रक्तात ते दिसलं, एवढंच मी त्या आकड्यांतून वाचतो.

संडासाबद्दल मात्र थांबा. आमच्या गल्लीत पंधरा-वीस घरांमागे एक सीट येते. तुमच्या घरातला संडास रोज ऐंशी माणसांनी वापरला आणि पाणी दोनच तास आलं, तर तो किती दिवस नीट राहील? आमच्या बायकांनी वर्गणी काढून फिनेल आणलं आहे, आळीपाळीने धुतलं आहे. माझी आई वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत धूत होती.

सिस्टर_निवृत्त

एकतीस वर्षं सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत काढली, त्यातली जास्तीत जास्त ओपीडीत. पेठकर काका म्हणतात आजार कोणालाच सोडत नाही, ते खरं. पण आजारी माणूस आमच्यापर्यंत कधी पोचतो, यात फार फरक होता.

धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका छातीत गाठ घेऊन वर्ष-दीड वर्ष तशाच हिंडायच्या. का आली नाहीस गं, विचारलं की एकच उत्तर, "खाडा झाला असता." एक खाडा म्हणजे चार घरचे पैसे कापले. सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, डॉक्टर रक्त तपासायला सांगणार, रिपोर्टला उद्या या, मग सोनोग्राफीची तारीख. तीन खाडे. औषध फुकट असतं हो, दिवस फुकट नसतो.

क्षयाचं तर विचारूच नका. गोळ्या सरकार देतं, पोषणासाठी २०१८पासून महिना पाचशे रुपये खात्यात येऊ लागले, नोव्हेंबर २०२४पासून ते हजार झाले. चांगलंच आहे. पण एक बिगारी काम करणारा माणूस मला आठवतो. गोळ्या नेमाने घ्यायचा. तरी वजन वाढेना. मी रागावले, खातोस का नाही? तो म्हणाला, "सिस्टर, गोळ्या घेतल्या की भूक फार लागते. म्हणून रात्रीच घेतो, झोपून जातो." घरात अंडं आलं तर ते पोरांना. आणि घरमालकाला कळू नये म्हणून गोळ्यांचं पाकीट फाडून खिशात सुट्या ठेवायचा. कळलं असतं तर खोली गेली असती.

मी त्याला रागावले होते, हे अजून टोचतं.

कासेवाडीकर, आईंना सांगा, सकाळी आणि दुपारी जास्त पाणी प्यायलं तरी चालेल. संध्याकाळी कमी करा, पण बंद नको. आणि लघवी अडवून धरायची नाही, त्यानेच जास्त बिघडतं. रात्रीसाठी घरात झाकणाचं भांडं ठेवायला लाजू नये.

भीमाकाठची

मी शिरूर तालुक्यातली. शहराच्या गोष्टीत थोडं गावचं मिसळते.

आमच्या वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण रुग्णालय आहे. डॉ. बानू कोयाजींनी ते काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका करायचं, हे त्यांनी आशा योजनेच्या कितीतरी आधी करून दाखवलं. १९९३मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमची आजी अजूनही "केममधल्या बाई" असंच म्हणते.

त्याच केईएममधून डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३मध्ये सुरू केला. आमच्याकडची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण कातडीच्या घडीची जाडी मोजायचा चिमटा घेऊन मोजलं तेव्हा दिसलं की आपल्या बाळाचं स्नायू-मांस कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून आहे. दिसायला बारीक, आतून जाड. हीच बाळं मोठी होऊन शहरात आली, बसून काम करू लागली, की मधुमेहाकडे झुकतात. म्हणजे आज चाळिशीत साखर निघालेल्या माणसाचं मूळ त्याच्या आईच्या ताटात शोधावं लागतं.

आणखी दोन गोष्टी त्या अभ्यासात आल्या. गरोदरपणी पालेभाजी, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त, त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्यांच्यावर शेतकाम, पाणी भरणं, घरकाम यांचा भार जास्त, त्यांची बाळं लहान. आमच्या आईने माझ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत विहिरीवरून दोन-दोन हंडे आणले. मी २ किलो १०० ग्रॅमची होते. छत्तिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला, तेव्हा पहिलं वाक्य ऐकलं ते "गोड कमी खा". मी गोड खातच नव्हते.

कागदकाच

माझी आई आणि मावशी कचरा वेचायच्या, आता मावशी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेत आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आमची संघटना १९९३ची. आधी आम्हाला लोक चोर म्हणायचे, कुत्री सोडायचे. पंचायतीमुळे ओळखपत्र मिळालं. २००२-०३मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. हे भांडून मिळालेलं आहे.

सोसायटीतल्या ताईंना एकच सांगणं आहे. पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. ठिपका बघितला की मावशी त्यात हात घालत नाही. सुई, काच वेगळी द्या. मावशीच्या डाव्या तळहातावर तीन खुणा आहेत, तिन्ही सुयांच्या. कोणाच्या आजाराची सुई होती, हे तिला कोणी सांगू शकलं नाही. सहा महिने रक्त तपासत बसली.

धायरीकर

वरचं वाचून लिहायला बसलो.

आम्ही सिंहगड रोडवाले. जानेवारी २०२५मध्ये आमच्या बाजूला जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, ती सगळ्यांना आठवत असेल. धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी. चालती-बोलती माणसं, आधी जुलाब, मग पायातली ताकद गेली, मग हात. काहींना व्हेंटिलेटर. माझ्या शेजारचा पोरगा पंचवीस दिवस आयसीयूत होता. एनआयव्हीने, म्हणजे पुण्यातल्या विषाणू संस्थेने, नमुने तपासले त्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे जंतू सापडले, संशय पाण्यावर गेला. नांदेडच्या विहिरीतून येणाऱ्या पाण्यावर क्लोरीन टाकण्यापलीकडे प्रक्रियाच होत नव्हती.

धायरी महापालिकेत आली २०१७मध्ये, अकरा गावांबरोबर. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला २०२१मध्ये, तेवीस गावांबरोबर. कर भरायच्या पावत्या लगेच आल्या. शुद्ध केलेलं पाणी मात्र आलं नव्हतं. खडकवासला धरण डोळ्यांसमोर, त्याचं पाणी शहरभर शुद्ध होऊन जातं, आणि धरणाच्या पायथ्याशी राहणारे विहीर आणि टँकरवर. इथे गरीब-श्रीमंतही एका रांगेत होते. पन्नास लाखांचा फ्लॅट असलेल्यालाही तोच टँकर. फरक पडला तो नंतर. इंजेक्शनचा कोर्स लाखांत जातो. ज्याचा विमा होता त्याने सही केली, ज्याचा नव्हता त्याने मंगळसूत्र मोडलं. पालिकेने आणि सरकारने मदत जाहीर केली, पण ती होईपर्यंत काहींनी निम्मं बिल भरलेलं होतं.

मुळशी_सिस्टर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. मे २०२१. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाची लस, नोंदणी फक्त ऑनलाइन. सकाळी शंभर डोस. केंद्राबाहेर शंभर माणसं, त्यातली बहुतेक पुण्याहून गाडीने आलेली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनाही जिवाची भीती होती. पण आमच्या गावचे लोक कंपाउंडबाहेर उभे राहून बघत होते. एक म्हातारी आली, सुनेला लस द्या म्हणाली. मी विचारलं, मोबाइलवर नंबर लावलाय का? तिने साध्या बटणाचा फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "लावा की तुम्हीच."

पुढे आम्ही जागेवर नोंदणी घेऊ लागलो तेव्हा तिच्या सुनेला लस मिळाली. मी स्वतः टोचली.

सिस्टर_निवृत्त

@मुळशी_सिस्टर, तुम्हाला मनापासून नमस्कार. त्या दिवसांत केंद्रावर कोण उभं होतं, ते मला माहीत आहे.

अर्जदार

धागा वाचतोय. इतिहास मुठाकाठ यांनी दिलाच आहे, मी उपयोगाचं लिहितो. वडिलांच्या वेळी मला हे माहीत नव्हतं आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर मी अनामत रकमेसाठी चार तास फोन लावत बसलो होतो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. वडील वाचले, पण ते चार तास मी विसरलेलो नाही.

धर्मादाय ट्रस्टची जी रुग्णालयं आहेत, आणि पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं ट्रस्टचीच आहेत, त्यांना उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेली योजना बंधनकारक आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. या खर्चासाठी रुग्णालयाने बिलाच्या रकमेतले दोन टक्के वेगळ्या निधीत टाकायचे असतात. आणि लक्षात ठेवा, तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, जीव स्थिर होईपर्यंत उपचार करायचे, त्यासाठी अनामत मागायची नाही, असं त्या योजनेतच लिहिलं आहे.

काउंटरवर विचारू नका, तिथे माहीत नसतं किंवा सांगत नाहीत. समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घरात तयार ठेवा. आजारी पडल्यावर दाखला काढायला गेलात तर हातात येईपर्यंत माणूस एकतर घरी आलेला असतो किंवा गेलेला असतो. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, पण कुठल्या रुग्णालयात कुठला आजार बसतो ते आधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडून, समजून घ्या.

जुना_पेठकर

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. राहणाऱ्यांचीही जबाबदारी असते, हे माझं मत आहे तसंच आहे. पण ऐंशी माणसं आणि दोन तास पाणी हा हिशेब मी केला नव्हता. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई बारा वर्षं येतात. काल त्यांना विचारलं, तुमच्याकडे संडास घरात आहे का? नाही म्हणाल्या. इथे दुपारी आमचा वापरता का, विचारलं तर गप्प बसल्या. बारा वर्षांत आम्ही त्यांना कधी वापरा असं म्हटलं नव्हतं. पत्नीने काल त्यांना वापरत जा म्हणून सांगितलं.

उत्पन्नाच्या दाखल्याचं काम मी करू शकतो. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आहे, अर्ज कसा परत येतो ते मला ठाऊक आहे. कासेवाडीकर, तुमच्या गल्लीत रविवारी सकाळी दोन तास बसायला जागा मिळेल का?

मुठाकाठ

+१. मीही येतो. हडपसरहून यायला अर्धा तास.

कासेवाडीकर

काका, जागा आहे. समाजमंदिरात सतरंजी टाकू. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स आणायला मी सगळ्यांना सांगून ठेवतो. दहाला या, बायका त्याआधी पाणी भरण्यात असतात.

आईचं सांगतो. सिस्टरनी लिहिलं तसं झाकणाचं भांडं आणलं, सुरुवातीला तिला फार अवघड वाटलं, आता वापरते. काल आम्ही खोलीत टेप लावून बघितली. पोटमाळ्याच्या शिडीखाली तीन बाय साडेतीन फूट जागा निघते, तेवढ्यात संडास बसतो असं गवंडी म्हणाला. अनुदानाचा अर्ज भरला आहे. अडचण ड्रेनेजची. मुख्य लाइन अठरा फुटांवर आहे आणि पाइप शेजारच्या शांताआत्याच्या ओट्याखालून न्यावा लागेल. तो ओटा तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेला, तो गेल्यापासून ती रोज संध्याकाळी तिथेच बसते. विचारायला माझी जीभ रेटेना. शेवटी आईच गेली.

आत्या म्हणाली, "फोडा. पण माझीपण जोडणी त्याच पाइपला काढून ठेवा, आणि ओटा पावसाच्या आत परत बांधून द्या."